तुरीच्या हंगामातलं जहाज

गल्लीच्या टोकाला थ्रेशर सुरू झालं की आमच्या घरातली दोन माणसं दोन कारणांनी चिडतात. मळणीच्या भुशाची, कुटाराची धूळ दोरीवरच्या कपड्यांवर बसते म्हणून मंदा चिडते. मंदा म्हणजे माझी बायको. आणि शेजारपाजारी चांगल्या चांगल्या तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, चुलीत घालतात म्हणून मी चिडतो. सरळ, अंगठ्याएवढी जाड, मध्ये गाठ नसलेली तुराटी जळताना पाहिली की मला राहवत नाही. अहो, तिच्यातून एक डोलकाठी निघाली असती! पण हे सांगणार कोणाला? डोलकाठी म्हटलं की शिरपुरातला माणूस आधी माझ्या तोंडाकडे पाहतो आणि मग तब्येतीची चौकशी करतो.

कालच मी दोन भारे उचलून आणले. मंदा दारातच उभी होती.

"आला काय तुमचा हंगाम?" ती म्हणाली. "लोकाईच्या घरी तूर येते, अन् आपल्या घरी तुराट्या."

खरंच आहे ते. भारे ओसरीत टाकले, एक काडी मोडून नाकाशी धरली. वाळल्या तुराटीला कोरडा, किंचित तुरट वास असतो. घशात खवखवतो, पण मला आवडतो. त्या वासाबरोबर दरवर्षी एकच हंगाम आठवतो, काही वर्षांमागचा, आणि त्या हंगामात आमच्या शेजारच्या शांतावैनीने विचारलेले प्रश्न आठवतात. मी स्वतःला मोठा चौकस समजत होतो. तिच्यापुढे मी काहीच नव्हतो.

मी जहाजं करतो. टेबलावर मावतील अशी, मापात, नकाशाबरहुकूम. करतो कुठे, तर शिरपूर जैनमध्ये, जिथून समुद्र गाठायचा तर एक रात्र आणि वर अर्धा दिवस गाडीत जातो. इथल्या जैन मंदिराला आलेले यात्रेकरू कधी चुकून आमच्या गल्लीत शिरतात आणि ओसरीवरचं शिडाचं जहाज पाहून थबकतात. एकदा गुजरातेतल्या बंदराच्या गावचे एक म्हातारे गृहस्थ दहा मिनिटं नुसते उभे होते. शेवटी त्यांनी विचारलं, "भाईसाब, ये यहाँ कैसे आया?" मी म्हटलं, "पैदल आया." ते इतके हसले की त्यांची बस चुकायची वेळ आली.

आता खरं कारण सांगतो. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून गेली. म्हणजे इंजिनिअर साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि तोच नकाशा शाईने जसाच्या तसा पुन्हा काढायचा. रेघ केसभर सरकली की कागद फाडायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचं. त्या कामाने माझ्या स्वभावाची वाट लावली, असं मंदाचं मत आहे. पोळी गोल नसली की मी बोलतो. देवळाचा कळस एका अंगाला कलला आहे, हेही मी एकदा भर आरतीत बोललो होतो. पण त्याच कामाने एक प्रश्न डोक्यात सोडला. जन्मभर मी पाणी अडवायचे नकाशे काढले. पाण्यावर एवढालं लोखंड चालतं तरी कसं? शाळेत शिकलो होतो, परीक्षेत उत्तरही बरोबर लिहिलं होतं. पण पटलं नव्हतं. निवृत्त झालो आणि ठरवलं की आता करून पाहू.

पहिलं जहाज केलं ते शिडाचं. तुराटीच्या डोलकाठ्या, लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याच्या फळ्या, मंदाच्या जुन्या सुती साडीची शिडं. तिने ती साडी शोधली चार दिवस. फोनवर जहाज करणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. त्यात रत्नागिरीचे आहेत, गोव्याचे आहेत, नागपूरचे एक डॉक्टर आहेत आणि वाशिम जिल्ह्यातला मी एकटा. मोठ्या दिमाखात फोटो टाकला. पाच मिनिटांत मालवणच्या एका गृहस्थांनी लिहिलं, "काका, तुमच्या वाशिमात वारा उलटा फिरतो का?"

मला कळेचना. मग त्यांनी समजावलं. मी डोलकाठीवर एक झेंडा लावला होता आणि तो मागे फडकत होता. आपण झेंडा पाहतो तो ट्रॅक्टरवर नाहीतर प्रचाराच्या जीपवर. गाडी पुढे पळते, झेंडा मागे जातो. पण शिडाच्या जहाजाला वाराच मागून ढकलतो, तेव्हा झेंडा पुढेच फडकणार! इतकी सोपी गोष्ट, आणि साठी ओलांडेपर्यंत ती माझ्या डोक्यात आली नव्हती. कान लाल झाले माझे. पण खरं सांगतो, त्या दिवशी मला जो आनंद झाला तो पगारवाढीनेही कधी झाला नव्हता. आपल्याला एवढी साधी गोष्ट माहीत नाही, मग अजून काय काय माहीत नसेल!

गावात माझा जोडीदार एकच, दिगांबर. वयाने माझ्या निम्मा, गावाबाहेरच्या वस्तीवर घर, दोन एकर कोरडवाहू. तूर निघाली की तो कामाला बाहेर जातो. तसा तो सलग दोन वर्षं गुजरातेत किनाऱ्यावर जुनी जहाजं तोडायच्या कामावर गेला होता. आमची ओळख अशीच झाली. पिशवी घेऊन रस्त्याने चालला होता, ओसरीवरचं जहाज पाहून थांबला आणि म्हणाला, "भाऊ, हे असं अख्खं मीनं कधी पाह्यलंच नाई. मीनं पाह्यलं ते कापून राह्यलेलं." दुसऱ्या दिवशीपासून तो यायला लागला. पॉलिश पेपर घेऊन तासन्‌तास लाकूड घासायचा. ज्या हातांनी जहाजं तोडली त्याच हातांनी ती करताना त्याला काय वाटायचं, ते मी एकदा विचारलं होतं. "मज्या येते," एवढंच म्हणाला.

तर तो हंगाम. कापलेल्या तुरीच्या सुड्या, म्हणजे गंज्या, खळ्यावर लागलेल्या, सकाळी तोंडातून वाफ निघायची आणि दुपारी ऊन पाठीला सुखद लागायचं. घरोघरी सोले, तुरीचे ओले दाणे. भातात सोले, आमटीत सोले, नुसते भाजलेले सोले. शांतावैनी वाटीभर सोले घेऊन आली होती. तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. नवरा विठ्ठलराव दिवसभर शेतात, मुलगी सासरी आणि एकुलता एक मुलगा प्रफुल्ल जहाजावर. हो, खऱ्याखुऱ्या जहाजावर. आयटीआय झाली, मग कुठलासा कोर्स केला, आणि एका सकाळी जऊळक्याच्या स्टेशनावर पेटी घेऊन गाडीत बसला तो थेट समुद्रावर गेला.

वैनीने वाटी मंदाकडे दिली आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. एरवी ती जहाजांकडे पाहतही नसे.

"भाऊजी, प्रफुल्याचं जहाज असंच हाय काय?"

"नाही वैनी. हे शिडाचं. त्याचं लोखंडाचं, लय मोठं. धान्य वाहून नेते ते."

"किती मोठं?"

"इथून तं देवळाच्या फाटकापर्यंत असन."

तिने खरोखर मान वळवून देवळाच्या दिशेला पाहिलं. मग खाली बसली. पदराने तोंड पुसलं आणि एकदम बोलायला लागली.

"मले त्यो डोळ्यापुढं येत नाई, भाऊजी. पोरगी सासरी हाय, तं मले मालूम हाय का आता ती चुलीपुढं असन, आता गोठ्यात असन. प्रफुल्या पुन्यात असता तं एक डाव जाऊन खोली पाह्यली असती. हा कुठं निजते, कुठं बसते, कायचंच काई समजत नाई. फोनवर म्हनते, वर राह्यतो, खिडकी हाय, खिडकीतून समुद्र दिसते. घास घेतला का मले वाटते हा कुठं बसून जेवत असन. मंग घास नाई जात. मीनं तं ठरवलं हाय. या खेपेले आला का त्याचं ते पासपोटाचं पुस्तक कोठीत टाकीन अन् कुलूप लावीन. करन इथंच काहीतरी."

मंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला बोलणं भागच होतं. मी म्हणालो, "वैनी, मी तुमाले त्याचं जहाज करून देतो. हुबेहूब. खोलीसकट."

हुबेहूब हा शब्द माझ्या तोंडून सहज गेला. मी तो जन्मभर वापरत आलो होतो.

प्रफुल्लने अधूनमधून पाठवलेले फोटो वैनीच्या फोनवर होते. तो कठड्याला टेकून उभा, केस वाऱ्यावर, मागे निळं पाणी. बंदरातून काढलेला जहाजाचा एक आडवा फोटोही होता. त्यावरून मी माप बसवलं. एका मीटरला अर्धा सेंटिमीटर. मागचं चारपाच मजली घर, ज्यात खलाशी राहतात, ते आधी केलं. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या भिंती, ठिबकच्या बारीक नळीचं धुराडं, खिडक्यांना औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक. वैनी रोज दुपारी यायची आणि विचारायची. एवढ्या खोल्यांत कोण कोण राह्यते? संडास कुठं? सैपाक कोन करते, बाई हाय काय? वरण करते काय? धान्याचे पोते ठेवतात का मोकळंच टाकतात? मोकळंच टाकतात म्हटल्यावर तिने किती मावतं ते विचारलं. मी आकडेमोड केली आणि सांगितलं की अख्ख्या शिरपूरची तूर आणून ओतली तरी एका कप्प्याचा तळ जेमतेम झाकेल. "बाप्पा!" म्हणून ती कितीतरी वेळ गालावर हात ठेवून बसली. प्रत्येक प्रश्नासरशी मी फोनवर गटाला विचारत होतो. मालवणचे गृहस्थ म्हणाले, "काका, एवढे प्रश्न आमच्याकडे जहाजावर जाणाराही विचारत नाही."

ते मागचं घर पूर्ण झालं तसं वैनी ते हातात धरून आपल्या घरी घेऊन गेली. बाकीचं जहाज व्हायला वेळ होता. तोवर तिने ते देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवलं.

मग मी जहाजाचं अंग केलं, पांगाऱ्याच्या लाकडाचं. हलकं असतं, चाकूने लोण्यासारखं कापलं जातं. दिगांबर त्या दिवसांत स्वतःच्या तुरीच्या सोंगणी-मळणीत अडकलेला, म्हणून मी एकट्यानेच फोटोबरहुकूम केलं. आठ दिवसांनी तो आला, अंगावर अजून कुटार होतं. जहाजाभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि हसत सुटला.

"भाऊ, हे तं अर्धंच हाय!"

"अर्धं म्हणजे? एकेक माप फोटोवरून घेतलं मी."

"फोटोत पान्यावरचं दिसते ना. खालचं कुठं गेलं? मीनं किनाऱ्यावर उभं राहून पाह्यलं हाय. मानूस खाली उभा राह्यला तं वर पाहून मान दुखते, इतकं खाली रायते ते. लाल रंग रायते त्याले."

मी पाहतच राहिलो. माझ्या जहाजाचं बूड पाटासारखं सपाट होतं. समुद्राकाठच्या पोराला ही चूक कधी सुचणार नाही. त्याने लहानपणापासून वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या पाहिलेल्या असतात, त्यांच्या पोटाखाली तो खेळलेला असतो. आम्ही पाण्यावर तरंगताना पाहिलं काय, तर विसर्जनाच्या वेळचा तराफा. पाण्याखालीही जहाज असतं, हे माझ्या पुस्तकात होतं. माझ्या हातात नव्हतं. दिगांबर अजून हसतच होता. मीही चिडता चिडता हसलो आणि आठ दिवसांचं काम बाजूला ठेवलं. हल्ली मंदा त्याचा पोळपाट म्हणून उपयोग करते आणि बरा आहे म्हणते.

आता पाण्याखालचं माप हवं होतं, आणि ते फोटोत येणार नव्हतं. मी प्रफुल्ललाच लिहिलं. त्याने दोन दिवसांनी जहाजाच्या बोळात लावलेल्या मोठ्या नकाशाचे तुकड्या तुकड्यांनी फोटो काढून पाठवले. काय नकाशा होता! उभा छेद, आडवा छेद, मजल्यागणिक खोल्या. कितीतरी वर्षांनी तसा कागद पाहिला. मी भिंग घेऊन बसलो आणि जेवणाची हाक ऐकूच आली नाही. मग मी त्याला साधं म्हणून लिहिलं, "तुझी खोली आणि कामाची जागा यावर खूण करून पाठव."

खूण यायला तीन दिवस लागले. खोली वर होती, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीही होती. ती खूण निळी. दुसरी खूण लाल. ती सगळ्यात खाली, इंजिनापाशी, पाण्याच्या रेषेच्या कितीतरी खाली. त्याखाली त्याने लिहिलं होतं, "काकाजी, आईले हे सांगजो नोको. तिले वाटते मी वर हापिसात हाय. तिले समजलं तं ती मले परत जहाजावर येऊ देनार नाई. अन् मले हे काम आवडते."

मी फोन पालथा ठेवला. मग मंदाला दाखवला. तिने वाचलं आणि म्हणाली, "मंग नका सांगू." तिच्या मते विषय संपला.

माझा संपला नाही. मी खोटी रेघ कधी काढली नव्हती. पण ही काही धरणाची भिंत नव्हती, एका आईची झोप होती, आणि एका पोराची नोकरी. मी खूप विचार केला आणि मधला मार्ग काढला, जो माझ्यासारखी माणसं काढतात. जहाज मापात केलं, पाण्याखालच्या लाल भागासकट. इंजिनाची जागा आत पोकळ ठेवली, तिथे काहीच बसवलं नाही. आणि माप कळावं म्हणून प्रत्येक जहाजावर मी एक माणूस उभा करतो, तो इथेही केला. लांब तांदळाच्या दाण्याएवढा, केशरी कपड्यातला. त्याला वैनीच्या कोनाड्यातल्या घरावर, वरच्या कठड्याला, प्रफुल्लच्या खिडकीबाहेर चिकटवलं. वैनीने तो पाहिला तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. "त्योच हाय," म्हणाली. मला बरं वाटलं नाही, पण वाईटही वाटू दिलं नाही.

जहाज पाण्यात सोडायचं ठरलं ते त्यांच्याच शेततळ्यात. संक्रांत होऊन गेली होती. तळ्याचं पाणी खाली गेलेलं, काळ्या प्लास्टिकवर ऊन चमकत होतं, बाजूच्या वावरात हरभरा घाट्यावर आलेला. मी, मंदा, दिगांबर आणि शांतावैनी. विठ्ठलराव दूरवर सुडी रचत होते, त्यांनी नुसता हात हलवला. वैनी कोनाड्यातलं ते घर पदराखाली झाकून घेऊन आली होती. मी ते जहाजावर बसवलं. दिगांबरने जहाज दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवलं आणि हात काढले.

जहाज क्षणभर डुललं, एका अंगाला झुकलं आणि सरळ आडवं झालं.

"अवं माय!" वैनी ओरडली आणि तिने छातीवर हात मारला. ती अक्षरशः पाण्यात पाय टाकायला निघाली होती. मंदाने तिला दंडाला धरलं.

"काई नाई झालं, काकू," दिगांबर जहाज बाहेर काढत म्हणाला. "रिकामं हाय ना. खाली वजन पाह्यजे. वजन खाली गेलं का उभं राह्यते."

रेतीच्या पुड्या मी भरून आणल्याच होत्या. मी कप्प्यांची झाकणं काढली, मागचं घरही उचलून बाजूला ठेवलं. वैनी पुढे आली आणि एकेक पुडी माझ्या हातात द्यायला लागली. पुढचे कप्पे भरले. मग तिने मागच्या पोकळीकडे बोट केलं.

"इथं नाई ठेवायची?"

"नाही वैनी. तिथं इंजिन असते," मी बोलून गेलो.

"इतक्या खाली काहून?"

दिगांबरला काही माहीतच नव्हतं, त्याने उत्तर देऊन टाकलं. "जड रायते ना ते, काकू. वर ठेवलं तं आता उलटलं तसं उलटन."

वैनी त्या पोकळीत पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "आपली मोटर बी विहिरीत खालीच रायते." तिने पोकळीत बोट घालून खोली पाहिली. "अन् बिघडली का उतरा लागते." मग ती माझ्याकडे वळली. "भाऊजी, प्रफुल्यानं आयटीआय कायची केली व्हती?"

मला माहीत होतं. फॉर्म मीच भरला होता. "डिझेल मेकॅनिकची."

"मंग डिझेल मेकॅनिक वरच्या खिडकीत बसून काय करते?"

मी रेतीच्या पुडीची गाठ नीट करायला लागलो. ती आधीच नीट होती. मंदाने माझ्याकडे पाहिलं नाही. खोटं बोलायला दोन शब्द पुरले असते आणि ते मला आले नाहीत. वैनीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला समजलं.

ती रडेल असं मला वाटलं. ती खाली बसली. बाजूला ठेवलेलं घर तिने मांडीवर घेतलं, कठड्यावरचा तो केशरी माणूस नखाने हळूच खरवडून काढला आणि तळहातावर घेतला. कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत होती.

"रोज सकाळी मी या खिडकीकडं पाहून हात जोडते, भाऊजी. देवाले म्हनते, इथं हाय तो, लक्ष ठेवजो." तिचा आवाज एकदम चढला. "अन् त्यो तिथं नाईच! देवाले मी चुकीचा पत्ता देऊन राह्यली ना! तुमी मापाचे माणूस, तुमीनं असं काहून केलं?"

आयुष्यात मला बऱ्याच साहेबांनी बोलून घेतलं आहे. त्यातलं काहीच मला इतकं लागलं नाही. मी म्हणालो, "चुकलं वैनी माझं."

तिने हात पुढे केला. "जिथं हाय तिथं ठेवा त्याले."

मी चिमट्याने तो दाणा उचलला. पोकळीत उतरवला.

"अजून खाली?" तिने विचारलं.

"हो."

"लाल रंगात?"

"हो, वैनी."

"म्हंजे पान्याच्या खाली?"

"हो."

तिने मान हलवली. मी गोंद लावला, त्याला उभं केलं, आणि गोंद वाळेपर्यंत आम्ही चौघंही त्या भोकात डोकावून बसलो. मग घर वर बसवलं आणि दिगांबरने जहाज पुन्हा पाण्यावर ठेवलं. लाल रंग हळूहळू पाण्याखाली गेला, बरोब्बर मी आखलेल्या रेषेपर्यंत. जहाज उभं राहिलं. लोखंड तरंगतं कसं, हे मला त्या क्षणी हातापायांनी कळलं असतं, पण माझं लक्ष जहाजाकडे नव्हतं. वैनी एकटक त्या रेषेकडे पाहत होती. परत येताना ती सगळ्यांच्या पुढे भरभर चालत होती. मंदा मला म्हणाली, "झालं. आता पोरगं घरी बसते."

दुसऱ्या दिवशी दुपारी वैनी आमच्या ओसरीवर आली. फोन तिच्या हातात होता, आणि प्रफुल्लचा आवाज त्यातून मोठ्याने येत होता. मी उठून आत जायला लागलो तर तिने मला हाताने बसवलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. तूर किती झाली, बाबाचा गुडघा कसा आहे. आणि मग नेहमीच्याच आवाजात तिने विचारलं,

"खाली लय गरम होते काय रे?"

मग तो म्हणाला, "काकाजीनं सांगतलं काय?"

"कोनीच नाई सांगतलं. मले मोटर मालूम हाय. बोल ना. गरम होते काय?"

"होते, आई," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "लय होते. अन् आवाज इतका का कानाले झाकन लावा लागते. पन आई, आपल्या घराहून मोठं इंजिन हाय ते. त्याचा एक पिस्टन माह्याहून उंच हाय. ते सुरू होते ना, तं पायाखालून समजते." आणि मग तो थांबेचना. तेल कसं बदलतात, पाणी कसं फिरवतात, एकदा पंप बंद पडला तेव्हा त्याने काय केलं. इतके महिने ज्या गोष्टी त्याने कोणालाच सांगितल्या नव्हत्या, त्या सगळ्या. वैनीला त्यातलं निम्मंही समजत नसणार. पण ती मधूनमधून विचारत होती. वर यायले जिना हाय काय? एकच? दोन? दोन्ही धड हायेत ना?

"दोन हायेत, आई. धड हायेत."

वैनीने ओसरीच्या खांबाला डोकं टेकलं. डोळे मिटले. मी मंदाकडे पाहिलं, मंदा कुटाराच्या धुळीने भरलेले कपडे हातात घेऊन तशीच उभी होती. मग वैनीने डोळे उघडले, फोन तोंडाजवळ घेतला आणि म्हणाली,

"या खेपेले आला अन् परत जाशीन तं घाम पुसाले सुताचे दुपट्टे चार ने. दोनात काय होते."